तीन महिन्यांची दालचिनी

रणमालीने औषधाच्या दुकानात सगळ्यांदेखत दालचिनीची कॅप्सूल फोडली आणि आतली पूड जिभेवर ठेवली.

"अहो मिस, ती गिळायची असते!" काउंटरमागचा तरुण दचकून म्हणाला. त्याचं नाव असेला.

"ही आमच्या झाडाची नाही, साहेब. जाड सालीची आहे, बाहेरून आलेली. आमची आधी गोड लागते, मग हळूच तिखट."

असेलाने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. खरंच होतं.

"चार वर्षं औषधं शिकलो मी... आणि तुम्ही जिभेनं ओळखलीत?"

"बाराव्या वर्षापासून साल सोलतेय. माझ्याइतकी पातळ कांडी आमच्या करंदेनिया गावात कुणी वळत नाही." तिची मान ताठ झाली. मग आवाज खाली आला. "खऱ्या दालचिनीची आहे का? तीन महिन्यांत रक्तातली साखर घालवायचीय. माझ्याच रक्तातली. आत्या म्हणते, ती गेली की लग्नाच्या बोलण्यात सांगायलाच नको."

असेला हसला नाही. त्याने दुसरी बाटली काढली.

"डॉक्टरांना विचारून घ्या. पण त्यांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. कबूल?"

"दरडावताय?"

"विनवतोय."

तिने बाटली उचलली... आणि हसू लपवायला पटकन वळली.

मग दर आठवड्याला काही ना काही निमित्त निघू लागलं. कधी खोकला, कधी पट्टी. ती दाराशी आली की मान वर न करताच त्याला कळे – आधी दालचिनीचा वास यायचा, मग ती.

"आज काय दुखतंय?"

"काही नाही. उगाच आले. चालत आले, साडेतीन किलोमीटर!"

"एवढं चालता? मग माझं दुकान चालायचं कसं?"

तीन महिन्यांनी ती तपासणीचा कागद घेऊन आली. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसात टक्के होती, ती सात पूर्णांक तीन झाली होती.

"उतरली! आमच्या दालचिनीनं!"

असेलाने कागद नीट वाचला. "थोडी उतरली. पण गोळ्या होत्या, तुमचं चालणं होतं. दालचिनीनंच उतरवली, असं मी म्हणणार नाही."

"अपमान करताय तिचा?"

"नाही. जे तिनं केलंय की नाही ठाऊक नाही, ते तिच्या नावावर घालत नाहीये."

रणमालीने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "म्हणजे गेली नाही... आता आत्या खोटं बोलणार."

"कुणाशी?"

"येईल त्या स्थळाशी."

"आणि स्थळाला आधीच माहीत असेल तर?" त्याचे कान लाल झाले होते. "रणमाली... मी आईला घेऊन येऊ?"

तिने कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "या. पण तुमच्या आईला ते मीच सांगणार. लपून मी कुणाच्या घरात जाणार नाही."

रविवारी असेलाची आई गॉल शहराहून त्याच्यासोबत रणमालीच्या घरी आली. आत्याने स्वयंपाकघरात रणमालीचा दंड धरला. "साखरेचा चकार शब्द काढू नकोस हं!"

रणमाली चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांच्या चहाबरोबर गुळाचे खडे होते, तिच्या कपाबरोबर नव्हते.

"तू गूळ घेत नाहीस?" असेलाच्या आईने विचारलं.

आत्या खोकली. रणमाली सरळ उभी राहिली.

"नाही, अम्मा. मला मधुमेह आहे. रोज गोळ्या घेते. दालचिनी खाऊनही गेला नाही, आणि बहुतेक जाणारही नाही."

असेला कपात डोकं घालून बसला होता.

"बस अशी इथं, माझ्याजवळ," आई म्हणाली. "यानं मला तुझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. पण म्हणाला, एक गोष्ट मी सांगणार नाही, ती तिची आहे, तीच सांगेल. ती ऐकायला मी एवढ्या लांबून आले, पोरी."

रणमाली बसली. तिची मान तशीच ताठ होती, फक्त डोळे भरले होते.