उघड्या तळहातावरचा बाण

हुमेरा मुकादम गाव सोडून गेली, ती उर्वी पावसेसाठी फक्त दोन आकडे ठेवून. एक अक्षांश (विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेला वा दक्षिणेला आहोत ते), दुसरा रेखांश (पृथ्वीवर पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत ते). "एवढ्यावरून माझा डबा शोधून दाखव!" असं खिदळत सांगून ती वडिलांच्या बदलीपायी थेट चंद्रपूरला निघून गेली. आता दोन आकड्यांमधून डबा कसा निघणार?

वेळशेतच्या मुलांना हा खेळ नवा नव्हता. एकाने डबा लपवायचा, दुसऱ्याने जागेच्या आकड्यांवरून तो शोधायचा. मोठी माणसं त्याला जिओकॅशिंग म्हणतात, मुलं नुसतं डबाशोध. पण आजवरचे डबे शाळेच्या आवारात नाहीतर सुरूच्या बनात असायचे. हुमेराने डबा ठेवला होता कड्याखालच्या खडकांत, आणि तिथे कपारी इतक्या की खेकड्यालाही स्वतःचं घर सापडू नये. त्यातून उद्या अमावास्येचं उधाण.

"ह्या उधाणाला पाणी पार कड्याला लागतं गो," उर्वीचे भिवाआजोबा म्हणाले. "डबा काय, त्याचं झाकनसुदिक ऱ्हायचं नाय."

म्हणजे आज संध्याकाळच्या ओहोटीला डबा मिळाला तर मिळाला. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीने मागे ठेवलेली ती एकच वस्तू होती. उर्वी आजोबांना ओढतच धक्क्यावरच्या साहित्यघरात घेऊन गेली.

साहित्यघर म्हणजे मच्छीमार सोसायटीची मोठी खोली. जाळी, दिवे, लाइफ जॅकेटं तिथून हंगामापुरती वापरायला मिळत, आणि ती देण्याचं काम एक यंत्रमानव करी. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. पण अंगाने तो इतका बारीक आणि पाठीत इतका वाकलेला, की पहिल्याच दिवशी गावाने त्याचं बारसं उरकून टाकलं: बोंबील. त्याला म्हणे नाव आवडलं होतं.

"एका घराला एकच जीपीएस यंत्र," बोंबील म्हणाला. "तेव्हा आधी सांग, ते कोणकोण वापरणार?"

"मी डब्यासाठी. आई डोंगरात झाडं मोजत फिरते, तिला वाट शोधायला. आणि आजोबांना मासेमारीला."

"मला नको," आजोबा तुटकपणे म्हणाले. "माज्या जागा माज्या डोक्यात हायत. तुजं यंत्र वर उपग्रहाला सांगणार, भिवा इकडं गळ टाकतोय म्हणून. मंग सगल्या होड्या तिकडंच!"

हसू नका. वेळशेतमध्ये चांगली मासळी कुठे लागते ते कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही. जवळून दुसरी होडी गेली, तर आजोबा गळ वर ओढून उगाच जाळं शिवत बसायचे.

"आजोबा, हे यंत्र काहीच सांगत नाही, नुसतं ऐकतं," बोंबील म्हणाला. "रेडिओवर तुम्ही बातम्या ऐकता, तेव्हा बातम्या देणाऱ्याला तुमचं घर कळतं का?"

आजोबांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

बोंबीलने टेबलावर तीन यंत्रं मांडली आणि शेजारी समुद्राच्या पाण्याची बादली ठेवली. उर्वीने पहिलंच उचललं. मोठा चकचकीत पडदा, त्यावर रंगीत नकाशा! "हेच!" ती म्हणाली.

"टाक बादलीत."

"काय?"

"टाक तर."

यंत्र बुडुक करून तळाला गेलं. बाहेर काढलं तेव्हा ते चालू होतं, पण उर्वी ओल्या बोटाने नकाशा सरकवायला गेली तर तो थेट आफ्रिकेत पोचला. आजोबा खो खो हसले. "होडीवर हात कवा सुके असतात गो? आन हातातनं सटकलं तर गेलंच तलाला!"

दुसरं यंत्र घड्याळासारखं होतं, मनगटावर बांधायचं. त्यातले आकडे वाचताना आजोबांचं नाक पडद्याला टेकलं. शिवाय ते सारखं चार्ज करावं लागे, आणि आई तर आठ-आठ दिवस डोंगरात असे. उर्वीने ते गुपचूप खाली ठेवलं.

तिसरं यंत्र पिवळं, जाडजूड आणि दिसायला अगदी बावळट. पण बादलीत टाकलं तर तरंगलं. ओल्या हातांनीही त्याची बटणं नीट दाबता आली. त्यातले सेल संपले की साधे दुसरे घालता येत होते.

"आणि कान तिखट आहेत याचे," बोंबील म्हणाला. "म्हणजे अँटेना (आकाशातले संदेश पकडणारा भाग). भारताच्या आपल्या 'नाविक' नावाच्या उपग्रहांचं ऐकतं, इतर देशांच्याही उपग्रहांचं ऐकतं."

"पण ऐकून याला आपली जागा कशी कळते?" उर्वीने विचारलं.

बोंबीलला हाच प्रश्न हवा होता. तो तिला बाहेर धक्क्यावर घेऊन गेला. तिथे होड्या बांधायचे तीन खुंटे होते. त्याने पहिल्या खुंट्याला दोर बांधून दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "दोर ताणलेला ठेव. आता तू कुठे कुठे उभी राहू शकतेस?"

उर्वी दोर ताणून फिरली. "गोल! या गोलावर कुठेही."

"हा खुंटा म्हणजे एक उपग्रह. आता हा दुसऱ्या खुंट्याचा दोर. दोन्ही ताण."

आता फक्त दोनच जागी दोन्ही दोर ताणले जात होते. तिसरा दोर हातात आला आणि जागा एकच उरली. उर्वी तिथे ठाम उभी राहिली. "पण उपग्रहांना कुठे दोर असतात?"

"त्यांचा दोर म्हणजे वेळ. उपग्रह सारखा सांगत असतो, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. ते यंत्रापर्यंत यायला इवलासा वेळ लागतो. जितका उशीर, तितका उपग्रह लांब."

"आणि यंत्राचं घड्याळच चुकलं तर?"

"शाब्बास! तर सगळेच दोर सारखेच लांब नाहीतर सारखेच आखूड होतात, आणि एका जागी जुळत नाहीत. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चारही दोर जुळेपर्यंत यंत्र आपलं घड्याळ सुधारत राहतं. फक्त लक्षात ठेव, इतक्या लांबून येणारा आवाज फार बारीक असतो. यंत्राचे कान मोकळे हवेत."

शेवटचं वाक्य उर्वीने अर्धवटच ऐकलं, कारण पाणी ओसरायला लागलं होतं. पिवळं यंत्र घेऊन ती आजोबांबरोबर पळत सुटली. बोंबील मागेच राहिला, खाऱ्या पाण्याने त्याचे सांधे धरत.

कड्याखाली तिने दोन्ही आकडे भरले. पडद्यावर बाण उमटला. बाणामागून ती शेवाळावरून घसरत, सावरत गेली आणि एका कपारीत हात घातला. रिकामी. बाण वळला. दुसरी कपार, तीही रिकामी. तिसरीत एक खेकडा होता आणि तो भयंकर चिडला.

तेवढ्यात पलीकडून एक होडी जाऊ लागली. "झाक गो, झाक!" आजोबा कुजबुजले. उर्वीने यंत्र दोन्ही हातांत घट्ट झाकून पोटाशी धरलं. डब्याची जागा तिनेही मघापासून तशीच लपवली होती. वेळशेतची पोर ती! होडी गेल्यावर तिने बोटांच्या फटीतून पाहिलं. बाण सरळ समुद्राकडे!

डबा समुद्रात? तिला रडूच कोसळलं. भरती आता सुरू होत होती, खडकांच्या टोकांवर पुन्हा फेस दिसायला लागला होता. हुमेराने आकडे चुकीचे दिले असतील का? छे, हुमेरा गणितात पहिली.

मग तिचं लक्ष बाणाखालच्या आकड्याकडे गेलं. चूक किती असू शकते, ते यंत्र तिथे स्वतःच सांगत होतं: चाळीस मीटर. डोळे पुसायला तिने एक हात काढला, आणि आकडा तीसवर आला. उर्वी थबकली. तिने पुन्हा हात ठेवला. आकडा वाढला.

"आजोबा! मी याचे कान दाबून धरलेत!" ती ओरडली. "आपल्या अंगात बहुतेक पाणीच असतं ना, ते उपग्रहाचा आवाज अडवतं. आणि मग याला कड्यावर आपटून आलेला पडसादच ऐकू येतो. तो उशिरा येतो, म्हणून दोर खोटाच लांब होतो!"

"मंग?"

"मंग काही झाकायचं नाही!"

तिने कड्यापासून दोन पावलं दूर होऊन हात पुढे केला आणि उघड्या तळहातावर यंत्र धरलं, नैवेद्याच्या ताटासारखं. आकडा उतरत गेला. दहा. सहा. तीन. बाण समुद्राकडून वळला आणि एका कपारीशी थांबला. तिथून मघाशी ती दोनदा पुढे गेली होती. आत हात घातला तर बोटांना गार पत्रा लागला. उर्वीची किंकाळी धक्क्यावर बोंबीललासुद्धा ऐकू गेली असेल.

डब्यात एक शिंपला होता. त्यावर हुमेराने नेलपॉलिशने दोन नवे आकडे रंगवले होते, आणि खाली छोटंसं घर. उर्वीने ते आकडे यंत्रात भरले. बाणाने समुद्राकडे पाठ केली, कड्यावरून पार पूर्वेकडे रोख धरला आणि खाली आकडा आला: सुमारे सातशे किलोमीटर. हुमेराचं चंद्रपूरचं घर! उर्वी रडता रडता हसायला लागली. मैत्रीण लांब होती, पण नेमकी कुठे आहे ते आता तळहातावर दिसत होतं.

आजोबांनी वाकून तो बाण नीट पाहिला.

"उधाण उतरलं की होडीवर चल माज्यासंगं. माजी सुरमईची जागा हाय, ती घे ह्याच्यात भरून. आन ते आकडे धाड हुमेराला. म्हनावं, सुट्टीला ये, गळ टाकू. आन तवा यंत्र झाकू नको गो. बगू दे कोन बगतं त्याला."