तोकुजीच्या खडावांची जोडी

लेसरने मानवजातीला नवे पाय दिले, असं माझं ठाम मत आहे. मला मात्र त्याने एकच दिला. दुसरा आधीपासून धड होता.

डाव्या पायाची रक्तवाहिनी बुजली होती. चार पावलं टाकली की पोटरी आवळून यायची, अंगठा काळा पडत चालला होता. डॉक्टर मिनागावाबाईंनी स्पष्ट सांगितलं, लेसर लागू पडलं तर ठीक, नाहीतर घोट्याखालचं विसरा. टेबलावर मी जागा होतो. जांघेतून तार शिरली, आत कुठेतरी उजेडाने गाठ जाळली, आणि पावलात गरम चहा ओतल्यासारखी ऊब उतरली. बाई पावलावर बोट ठेवून हसल्या. "ठोके लागतायत, आजोबा."

बायको कियो म्हणाली, आता कचरा टाकायला तुम्हीच जायचं.

आठवड्याने आमच्या बेप्पू गावाचा चढ न थांबता चढलो आणि वर्षभराच्या खंडानंतर आमच्या गरम पाण्याच्या कुंडाशी पोचलो. काठच्या फळीवर बसून पाय बुडवायचे आणि गावाची निंदा करायची, एवढाच तिथला धर्म. माझा जुना दोस्त तोकुजी होताच. याच दुखण्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला. तेव्हा लेसर आमच्याकडे पोचलं नव्हतं. शेजारी कुबड्या, फळीखाली खडावांची जोडी.

"एका पायाला दोन खडावा कशाला रे, लेका?" मी जुनंच चिडवलं.

"दुकानदार एकच सुटी विकत नाही," त्याचंही जुनंच उत्तर.

माझा पाय वाचल्याचा आनंद माझ्याहून त्यालाच जास्त. तो गुणगुणू लागला. कोवळं ऊन होतं. दुधाळ पाण्यात मी पाय सोडले, तर माझ्या डाव्या पावलाला काहीतरी लागलं. थंडगार. मासा असेल म्हटलं. पण त्या पाण्यात मासा शिजून वर आला असता.

ते तोकुजीच्या गाण्यावर ताल धरत होतं.

तोकुजीचा डावा पाय तर फळीवर होता. तो टॉवेलने पुसत होता.

मी फळीखाली पाहिलं. उजव्या खडावेचा पट्टा ओला होता. अंगठ्याच्या बाजूने झिजलेलाही.

"उजवा रोज येतो?" मी हळूच विचारलं.

"ऊन असलं की." खुशीत येऊन त्याने किमोनोच्या बाहीतून नेलकटर काढलं. "तुला आता उकिडवं बसता येतं ना? तेवढी त्याची नखं काढून दे. फार वाढलीत."