शुक्रवार सोमवारच्या आधी येतो

फेझ कधी उडत नसे. वारा कितीही सुटो, ती लाल गोंडेदार टोपी डोक्याला घट्ट चिकटून बसायची. त्यामुळे १९२५च्या नोव्हेंबरात अंकाराहून तुर्की सरकारचा फेझबंदीचा हुकूम सुटला आणि अमास्यातल्या पुरुषांनी निमूटपणे डोक्यावर हॅट चढवली, तेव्हा वाऱ्यात ती हाताने धरायची असते हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं. रासिम मास्तरांची करकरीत हॅट पहिल्याच दिवशी भिंतीवरून उडाली ती थेट नेजिहेच्या अंगणात, द्राक्षाच्या काकवीच्या परातीत.

दारावर थाप पडली. ओढणी सावरत नेजिहेने दार बोटभर उघडलं.

"माझी हॅट... इकडे आली का?"

"आली. न विचारता आली."

"मी विचारून येतोय ना."

"काकवीत बुडालीय. धुऊन वाळवते, उद्या या."

"आणि तोवर उघड्या डोक्याने जाऊ?"

"पळत जा."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशी हॅट डोक्यावर असतानाही आला. "वारा सुटेलसं वाटलं – म्हणून आधीच..." नेजिहे खुदकन हसली आणि तिथेच फसली.

तिचे वडील मुनीर उस्ता पितळी साच्यावर फेझला इस्त्री करायचे. तो धंदा त्या हुकमाने एका दिवसात बुडाला, तेव्हा हातात काही आहे तोवर पोरगी उजवायची त्यांना घाई झाली. तोकात शहरातल्या एका तांबटाचं स्थळ सांगून आलंच होतं.

"तुझ्या मास्तरांनी शुक्रवारच्या नमाजानंतर मागणी घालावी," ते नेजिहेला म्हणाले. "बापाला घेऊन. बापाविना मागणी म्हणजे पोरखेळ. नाही आले, तर तांबटाला होकार."

आणि इथेच घोडं अडलं. रासिमचे वडील हाजी वेहबी हुकूम आल्यापासून घराबाहेरच पडले नव्हते. काठाच्या टोपीने नमाजात कपाळ जमिनीला टेकत नाही, म्हणून हॅट नको. फेझ घालावी तर पोलीस, आणि धरून नेलेली माणसं अजून परतली नव्हती. उघड्या डोक्याने हाजीने रस्त्यावर येणं तर मरणाहून वाईट.

"येतील ना ते?" नेजिहेने दाराआडून विचारलं.

"मी काल विषय काढला..." रासिमचा आवाज खाली गेला. "त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं."

शुक्रवारी नेजिहे सकाळपासून वरच्या खिडकीशी बसून होती. मशीद सुटली, गल्ली रिकामी झाली, तरी कुणी नाही. आणि मग खाली पोरं खिदळायला लागली. तिने खिडकीच्या जाळीतून पाहिलं. रासिम मान खाली घालून चालत होता. त्याच्यापुढे ताठ मानेने हाजी वेहबी, आणि त्यांच्या डोक्यावर जांभळ्या फितीची, कापडी गुलाब लावलेली बायकी हॅट.

मुनीर उस्तांच्या मिशा थरथरायला लागल्या.

"बाबा, हसलात तर ते आल्या पावली परत जातील," ती कुजबुजली. "आणि मी तोकातला जाणार नाही, सांगून ठेवते."

त्यांनी ओठ चावला.

पाहुणे बसले. नेजिहेने कॉफी आणली.

"पोरी," हाजी म्हणाले, "सरळ बसलीय का गं ही?"

"सरळ आहे, बाबा."

त्यांनी एक घोट घेतला. "मला आंधळा समजू नका. बायकी आहे, ठाऊक आहे मला. दुकानात एवढीच उरली होती. दुकानदार म्हणाला, सोमवारी नवी पेटी येईल. पण शुक्रवार सोमवारच्या आधी येतो."

मुनीर उस्तांचं हसू कुठल्या कुठे पळालं. ते उठून उभे राहिले.

"अल्लाच्या आज्ञेने, पैगंबरांच्या शब्दाने," हाजी म्हणाले, "तुमची मुलगी माझ्या मुलासाठी मागतो."

"दिली," मुनीर उस्ता म्हणाले.

रासिम दाराशी आला. नेजिहे ओढणीने डोळे पुसत होती.

"परत जाताना पोरं पुन्हा हसतील त्यांना," तो हळूच म्हणाला.

"मग मी येते. त्यांच्या बाजूने चालेन." तिने जोडे पायात सरकवले. "तुमच्यावर जीव कधी जडला ते मला नाही सांगता येत, मास्तर... पण तुमच्या बाबांवर आज जडला."