अप्पांचा आवाज

कानवाल्या मॅडमना सुट्टीवरसुद्धा माणसांचे कानच आधी दिसायचे. रिसॉर्टच्या मॅनेजरनं किल्ल्या पुढे केल्या, तेव्हा बोलणं ऐकताना त्याची मान उजवीकडून पुढे येते हे त्यांनी हेरलं आणि मनाशी म्हटलं, डावा कान गेलाय याचा. लोकांचे कान तपासण्यात अर्धं आयुष्य गेलं की असंच होतं. दवाखान्यात सगळे त्यांना कानवाल्या मॅडमच म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं.

घरात मात्र त्यांची डाळ शिजत नव्हती. त्यांचे वडील, अप्पा, जवळजवळ ठार बहिरे होते आणि कानातलं यंत्र लावायला तयार नव्हते. अप्पा बॉयलरच्या कारखान्यात मुकादम होते. हातोड्यांच्या गदारोळात इकडून तिकडे हाका मारण्यात जन्म गेला. कान बसले आणि आवाज पहाडी झाला. पण बायको गेल्यापासून तो आवाजही ते फारसा वापरत नसत. ऐकू येत नाही म्हणून बोलायचं नाही, आणि बोलत नाहीत म्हणून कुणी काही सांगायचं नाही, असं चाललं होतं. त्यांना जरा माणसांत आणावं म्हणून पानगळीच्या दिवसांत हा शनिवार-रविवार ठरला. मॅडम, त्यांचा नवरा, त्यांची दुसरीतली मुलगी चिमणी आणि तिचे हे आजोबा.

जागा झकास होती. डोंगराच्या उतारावर लाकडी खोल्या, त्यांच्यापुढे दगडी गच्ची, गच्चीला कमरेएवढा कठडा. कठड्याखाली दरी आणि दरीपलीकडे सरळसोट काळा कडा. झाडं तांबडी-पिवळी झाली होती. वारा आला की पानं खाली न पडता आधी वर उडायची. हवेला ओल्या लाकडाचा आणि धुराचा वास होता. नवरा आल्या आल्या आरामखुर्चीत असा पसरला, की त्याला आता सोमवारीच उचलावं लागणार हे स्पष्ट झालं.

"आजोबा, ओरडा ना! समोरून परत येतं," चिमणी त्यांची बाही ओढत म्हणाली. बोट कड्याकडे दाखवून तिनं स्वतःच एक हाक ठोकली. "ओऽऽ!"

"ओऽऽ," कडा म्हणाला.

अप्पांना तिचा हेतू कळला. त्यांनी घसा खाकरला, कठडा धरला आणि कारखान्यातली जुनी हाक दिली. "आहेस का रेऽऽ?"

शेजारच्या टेबलावरच्या बाईचा कप बशीत खणखणला. कड्यावरून हाक परत आली, तशीच, खर्जातली, अगदी "रे"वरच्या हेलासकट. अप्पा कान देऊन उभे होते. मग ते हसले. तसे ते कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

"ऐकू आलं मला," ते म्हणाले.

मॅडमनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं भुवया उंचावल्या. "खालचे सूर शिल्लक असतील त्यांचे," मॅडम म्हणाल्या. "दगडावरून जाड आवाजच परत येतो. होतं असं." त्यांनी अप्पांच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. अप्पा हलले नाहीत. आवाज जाड करून त्यांनी "अप्पा" म्हटलं. अप्पा दरीकडेच बघत राहिले.

दुपारभर ते कठड्याशी होते. हाक मारायची, मान कलती करायची, हसायचं. चिमणी कंटाळून पानं गोळा करायला गेली तरी ते तिथंच. मॅडमना बरं वाटलं. सुट्टीचे पैसे वसूल झाले असं त्या नवऱ्याला म्हणाल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला अप्पा उशिरा आले. गाल थंडीनं लाल झाले होते.

"काय म्हणतोय तुमचा दोस्त?" नवऱ्यानं ओठ स्पष्ट हलवत चेष्टेनं विचारलं.

"विचारत होता, बरोबर कोण कोण आलंय म्हणून," अप्पा टोस्टला लोणी लावत म्हणाले.

नवरा खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अप्पांसमोर वाकून विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळ्यांची नावं सांगितली. घरात कोण कुणाला काय म्हणतं तेही. आपुलकीनं विचारलं तर सांगायला नको का माणसानं?"

बहिऱ्या माणसांना असे भास होतात. कान काही आणून देत नाही तेव्हा मेंदू आपल्या पदरचं घालतो. कुणाला गाणी ऐकू येतात, कुणाला कुजबुज. मॅडमनी हे शेकडो पेशंटच्या पोरांना समजावलं होतं, आणि तेच आता नवऱ्याला समजावलं. बोलताना त्यांचा स्वर अगदी ठाम होता. तरी न्याहारी झाल्यावर त्या एकट्या गच्चीवर गेल्या. हवा स्वच्छ होती. त्यांनी कड्याकडे तोंड करून "ओऽऽ" केलं आणि वाट पाहिली.

काहीच परत आलं नाही.

वाऱ्याची दिशा बदलली असेल, असं म्हणत त्या आत आल्या.

चारच्या सुमाराला धुकं चढलं. आधी कडा गेला, मग दरी, मग कठड्यापलीकडची झाडं. नवरा खोलीत डुलक्या काढत होता. मॅडम खोलीबाहेरच्या दोरीवरचे चिमणीचे मोजे काढत होत्या. दमटपणामुळे ते सकाळपेक्षा ओले झाले होते. गच्चीच्या टोकाकडून अप्पांचा आवाज आला.

"चिमणे, ये गं. हळू ये. पाय घसरेल."

आजोबा-नात फिरताहेत तर. मॅडमनी मोजे पिळले.

"ये, ये. हात दे बघू."

त्या मोजे घेऊन वळल्या. खोलीच्या दारात अप्पा उभे होते. स्वेटरचं वरचं बटण त्यांना लागत नव्हतं, आणि नेहमीप्रमाणे ओठ घट्ट मिटून ते त्याच्याशी झटत होते.

"अजून एक पायरी, चिमणे," अप्पांचा आवाज दरीतून म्हणाला.

मॅडमच्या हातातून मोजे पडले.

गच्चीच्या टोकाला खाली उतरणाऱ्या जुन्या पायऱ्या होत्या. त्या मधेच ढासळल्या होत्या, म्हणून तोंडाशी साखळी लावलेली असायची. साखळी हलत होती. मॅडम तिच्याखालून वाकून धावल्या. दगड शेवाळलेले, पुढचं काही दिसत नव्हतं. मग चिमणीचा लाल कोट दिसला. ती शेवटच्या धड पायरीवर उभी होती. तिच्यापुढे धुकं होतं. तिनं उजवा हात लांब केला होता, कुणीतरी धरावा तसा, आणि बोटं मिटलेली होती.

"चिमणे!"

ती वळली नाही. पाऊल उचलत होती.

मागून अप्पा आले. या वयात ते त्या पायऱ्या कसे उतरले कोण जाणे. मॅडमना बाजूला सारून त्यांनी छाती भरून घेतली आणि बॉयलरवरून बॉयलरकडे जाईल अशी हाक दिली.

"नात आहे माझी ती! सोड तिला! आवाज पाहिजे ना तुला? हा घे!"

शेवटचा शब्द कानठळ्या बसवून गेला. तो परत आला नाही.

धुक्यात काही हललं नाही. फक्त चिमणीचा हात खाली पडला, एकदम, वजन काढून घेतल्यासारखा. मॅडमनी तिला कोटाला धरून मागे खेचलं आणि छातीशी घेतलं.

"आजोबा तर इकडे आहेत," चिमणी गोंधळून म्हणाली.

अप्पा काहीतरी बोलले. ओठ हलले. आवाज आला नाही.

मॅनेजरला सांगितल्यावर त्यानं साखळीला दुसरं कुलूप लावलं, माफी मागितली आणि गरम पाणी पाठवलं. घसा बसलाय, मॅडम म्हणाल्या. एवढं ओरडल्यावर बसणारच. त्या संध्याकाळीच सामान गाडीत टाकून ते घरी निघाले, आणि वाटेत कुणी मागं वळून पाहिलं नाही.

घसा काही सुटला नाही. ओळखीच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू तरण्या माणसासारखे आहेत, तो म्हणाला, वाट पाहू. अप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले होते. सबंध वाक्यं बोलायचे, हातवारे करून, निःशब्द. आता घरातलेच त्यांचे ओठ वाचायला शिकले. चिमणी सगळ्यात तरबेज झाली. यंत्र लावायलाही ते तयार झाले. मॅडमनी ते हौसेनं बसवून दिलं. माणूस परत मिळाला होता. त्या मानानं एक आवाज गेला तर गेला. त्या पायऱ्यांवर नक्की काय झालं, यावर त्या विचार करत नसत. थकलेली आई, दाट धुकं, उलटसुलट फिरणारे आवाज. पुरेसं होतं.

एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना फोन आला. रिसॉर्टचा मॅनेजर होता.

"मॅडम, राग मानू नका. तुमचे वडील कसे आहेत?"

"मजेत. आवाज तेवढा नाही. का हो?"

"गच्चीवर हल्ली कुणी बसत नाही. दरीतून माणूस बोलतो. आवाज मोठा आहे, मला डाव्या कानानंही ऐकू येतो. वाईट काही बोलत नाही हो. सकाळी चहा गार झाला म्हणतो. परवा चष्मा सापडत नव्हता त्याला, दिवसभर शोधत होता."

परवा अप्पांनी चष्म्यासाठी सगळं घर उलटंपालटं केलं होतं.

"आत्ताही बोलतोय," मॅनेजर म्हणाला. "मीठ मागतोय."

मॅडमनी मान वळवली. टेबलापलीकडे अप्पांचा हात पुढे झालेला होता. चिमणीनं न बोलता मिठाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. अप्पांनी ती ताटावर झटकली, परत ठेवली आणि तिच्याकडे बघून ओठ हलवले.

फोनमध्ये थोडा वेळ फक्त वारा ऐकू आला.

"मिळालं वाटतं," मॅनेजर म्हणाला. "बस झालं, चिमणे, म्हणतोय."