टिपा वगळून समान

चहाचा कप पुढे आला तसे भालचंद्र बोकील म्हणाले, "ठेवा तिथं, वहिनी."

त्यांच्या बायकोचा, कुमुदचा, हात थबकला. वहिनी म्हणायचा तो गजानन, नवऱ्याचा धाकटा भाऊ, आणि तो तर गेल्या वर्षीच वारला. लग्न झाल्यापासून भालचंद्र तिला 'कुमे' म्हणत आले होते. त्यांनी जोरजोरात मान हलवली, ओठांनी 'कुमे' असं करून दाखवलं, गळ्यावरच्या पट्टीतून पुन्हा तेच आलं, "वहिनी."

त्यांच्या मुलीच्या, ऋजुताच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टीला आवाज पुरवणारं सॉफ्टवेअर तिच्याच ऑफिसात बनत होतं.

तंबाखूनं दोघा भावांचे गळे एकामागोमाग नेले होते. ही कंठपट्टी मानेच्या स्नायूंची हालचाल वाचायची आणि माणसाच्या साठवून ठेवलेल्या मूळ आवाजात बोलायची. वाचता न आलेलं ती टिपांवरून भरून काढी. कुणाला काय हाक मारायची, शिवी कुठे हासडायची, असं माणसानं स्वतः शिकवलेलं सगळं त्याच्या आवाजाला टिपा म्हणून जोडलेलं असे.

"टिपा म्हणजे वरची सजावट," टीमचा प्रमुख निनाद मागे मीटिंगमध्ये म्हणाला होता. "दुबार साठवण टाळायला दोन आवाज समान आहेत का हे बघताना सजावट कशाला मोजायची?" ऋजुता तेव्हा कडाकडा भांडली होती. पण काम झटपट होतं म्हटल्यावर तिचं ऐकतो कोण?

आज ती तडक त्याच्या टेबलाशी गेली. "तुझ्या तपासणीनं बाबा आणि काका समान ठरवले?"

निनादनं स्क्रीनवर पाहिलं. "आवाज तंतोतंत जुळतायत. जुळले की एकच ठेवायचा. काकांचा आधी आला होता, तो राहिला."

"आणि बाबांच्या टिपा?"

"पुसल्या. एकाच वस्तूच्या दोन प्रती कोण ठेवतं?"

"निनाद, आमच्या घरात मेलेला माणूस बोलतोय आणि जिवंत माणूस तोंड मिटून बसलाय."

तो खुर्चीत चुळबुळला. "वाईट वाटलं. पण टिपा धरल्या तर कुठलेच दोन आवाज समान ठरणार नाहीत."

"नसतातच ते."

तिनं तिथंच बसून तपासणीत टिपा मोजायला लावल्या. निनादनं अडवलं नाही. पण हे वरातीमागून घोडं होतं. पुसलेलं परत येणार नव्हतं. आणखी किती घरांत असंच झालं असेल, या विचारानं तिचा संताप आणखीच वाढला.

ती घरी आली तेव्हा पट्टी टेबलावर पडली होती. "बाबा, पुन्हा शिकवू या तिला," ती म्हणाली. भालचंद्रांनी पट्टी दूर ढकलली आणि अंगठीनं टेबलावर टकटक केलं.

"आले," कुमुद स्वयंपाकघरातून म्हणाली. ती चहा घेऊन आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

"फोनवर सगळे या दोघा भावांच्या आवाजात फसायचे. मी एकदाही फसले नाही," ती म्हणाली. "पट्टी लावायची की नाही ते हे ठरवतील. पण ऋजू, तुमच्या यंत्राला दोन भाऊ सारखे वाटले. उद्या यांच्या टिपांतली मी आणि दुसरी कुणी बाई त्याला सारख्या वाटलो, आणि त्यानं तिला ठेवून मला पुसलं, तर यांनी त्यातून मला हाक कशी मारायची?"