चार बोटं वर

जिन्यात समोरून मीच वर येत होते.

तोच पिवळा ड्रेस, खांद्याला तीच पिशवी. मी बाजूला सरकले, तर तीही त्याच बाजूला सरकली. मग तिच्या खाली मातकट बूट दिसले आणि मागून आवाज आला, “जरा भिंतीला टेकता का? काच जड आहे.”

काचवाला आमच्याच घरी चालला होता. कपाटाच्या दारावर पूर्ण उंचीचा आरसा हवा, असं आत्याने फर्मान काढलं होतं. जुन्या आरशात मी हनुवटीपासून कमरेपर्यंतच मावायचे. घरात मला ‘शिडी’ म्हणतात, कारण माळ्यावरचे डबे काढायला मला स्टूल लागत नाही. त्याचं मी मनाला लावून घेत नाही. पण चारचौघांत गेले की माझे खांदे आपोआप खाली येतात, गुडघे किंचित वाकतात. समोरच्याला मान वर करावी लागू नये, एवढंच.

मी त्याच्यामागोमाग घरी परतले. त्याने आरसा भिंतीला टेकवला, कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून हसला. एकाच गालाला खळी… आणि उंचीने माझ्यापेक्षा चांगला चार बोटं कमी. माझे खांदे लगेच खाली आले.

“कोणाच्या मापाने बसवायचा?”

“हिच्या,” आत्या खुर्चीतून म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकणं तिला छान जमतं.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्याने माझ्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलने खूण केली. त्याच्या बाहीला लाकडाच्या भुशाचा वास होता. मी श्वास रोखला — आणि गुडघे आणखी थोडे वाकवले.

दाराला दोनच बिजागऱ्या होत्या. आरशाच्या वजनाने दार लोंबेल, म्हणून त्याने आधी मध्ये तिसरी बसवली. मग क्लिपा ठोकून त्यांत आरसा सरकवला. तासाभराचं काम तीन तास चाललं, कारण आमच्या गप्पाच संपेनात. एवढ्या वेळात त्याने मला एकदाही ताई म्हटलं नाही, हे आत्याने माझ्याआधी टिपलं.

तो गेल्यावर मी आरशासमोर ताठ उभी राहिले. पाय होते, कंबर होती, नाक होतं… कपाळ मात्र आरशाबाहेर! आत्याने ताबडतोब फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खळीचा पत्ता नव्हता.

“आठ वर्षांत माझं माप चुकलेलं नाही,” तो पुटपुटला.

“मग काय पोरगी एका रात्रीत वाढली?” आत्या म्हणाली.

त्याने पट्टी उचलली. “पुन्हा उभ्या राहता?”

मी उभी राहिले. गुडघे सवयीने वाकायला लागले. वाकले असते तर कालचीच खूण आली असती आणि चूक त्याच्याच माथी राहिली असती. सरळ राहिले, तर मी त्याच्यासमोर आहे तेवढी उंच दिसणार होते. पण त्याचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी गुडघे सरळ केले. मग खांदेही.

पट्टी वर गेली. त्याने दोन खुणा पाहिल्या, मग मला पाहिलं.

“म्हणजे इथे घोडं पेंड खात होतं. काल तुम्ही वाकला होतात.”

“हो. चूक माझी आहे, तुमची नाही.”

“पण का?”

“तुम्ही आवडलात म्हणून,” मी एका दमात सांगून टाकलं. “सरळ उभी राहिले असते तर… तुम्ही बुटके दिसला असता.”

“दिसलो असतो कसला? आहेच की मी बुटका.” खळी परत आली. “आणि वर बघत काम करायची मला सवय आहे.”

आत्या न सांगता चहा टाकायला उठली. हे वर्षातून एखाद्या वेळी घडतं.

त्याने आरसा चार बोटं वर घेतला आणि जुनी भोकं बुजवली. मग आम्ही दोघं त्यासमोर उभे राहिलो. मी डोक्यापासून पायापर्यंत पुरी मावले होते. त्याच्या डोक्यावर मात्र रिकामी जागा उरली होती.

“माझ्या बाजूला एवढा आरसा वाया जातोय,” तो म्हणाला.

“जाऊ दे. उद्या याल?”

“उद्या? आता काय बिघडलंय?”

“काही नाही.”

“मग नक्की येतो.”

हे सांगताना त्याने मान वर केली. मी खांदे खाली आणले नाहीत.