घरचा वाळा

दिपिकाला वाटलं होतं, ओली जमीन बोलकी असते. परदेशातल्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकताना तिनं तेच पाहिलं होतं. पाऊस पडून गेला की तिथल्या शेतांत मेटल डिटेक्टर आणखी खोलवरचं सांगायचा. कशेळीमागच्या आपल्या खाडीकाठच्या गावी ती सुट्टीत आली तेव्हा कळलं, इथली ओली जमीन नुसती ओरडते.

अमावास्येच्या उधाणाचं पाणी खाडीच्या बांधाला पडलेल्या खिंडारातून दुपारीच आत येऊन गेलं होतं. त्या चिखलावर तिनं यंत्राची चकती धरली आणि हेडफोनमध्ये असा कल्लोळ उठला, की जणू कामतघरच्या कापडाच्या लूमच्या खडखडत्या शेडमध्येच ती उभी होती. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे यंत्राला सगळा चिखलच धातू वाटत होता.

"काय गो मॅडम, सोनं लागलं का?" बांधावरून कल्पेश ओरडला. तिचा चुलतभाऊ, लूमवरची शिफ्ट संपवून थेट इथं आलेला.

"तू उतर चिखलात, मग दाखवते सोनं!"

थट्टा तेवढ्यावरच थांबली. हा तुकडा म्हणजे गावाची लेकरांची जागा. तान्ह्या पोरांना जाळत नाहीत, पुरतात. पुरताना या गावात जोडीतला एक वाळा लेकराच्या पायात ठेवतात आणि दुसरा घराच्या चौकटीला बांधतात. लेकराला घर ओळखता यावं म्हणून. आता इथं गोदाम होणार होतं. भरावाचा मुकादम धनेश माणूस वाईट नव्हता. "एक तरी पोर इथं हाय, एवढं दाखवा," तो म्हणाला होता. "मी मालकाला थांबवतो. न्हायतर सकाळी डंपर येनार."

हौसाआत्याची तान्ही लेक सरू इथंच कुठंतरी होती. नेमकी खूण उधाणांनी कधीच पुसून टाकली होती.

"यंत्र जुळवायला तसाच धातू हवा, आत्या," दिपिका म्हणाली. "घरचा वाळा देतेस थोडा वेळ?"

म्हातारीनं चौकटीला बांधलेल्या वाळ्यावरून बोट फिरवलं. सरू गेल्यापासून तो वाळा चौकटीवरून हलला नव्हता. "नेतेस तर ने, बाय. पन परत आन."

दिपिकानं तो ओतीव पितळी वाळा बांबूच्या खुंटीशेजारी वीतभर खोल दाबला आणि वरून चकती फिरवली. कल्लोळात त्याचा सूर ऐकूच येईना. तिनं यंत्राचा कान जरा मंद केला. कल्लोळ शमला, पण वाळाही त्याच्याबरोबर मुका झाला. मग तो काढून घ्यायला तिनं हात घातला.

वाळा नव्हता.

तिनं कोपरापर्यंत चिखल उपसला. उपसावा तसा तो भरून येत होता, कोमट, मऊ... हाताला काहीच लागेना.

दिवस कलला. खाडीवरून शेवाळाचा आणि लूमच्या खळीचा आंबट वास यायला लागला. दिपिकाला रडू फुटणार, तेवढ्यात हेडफोनमध्ये बारीकसं वाजलं. टिंग. थोड्या वेळानं, दुरून, दुसरं. टिंग. एकानं हाक मारावी आणि दुसऱ्यानं ओ द्यावी तसं. तिनं हेडफोन उतरवले.

आवाज थांबला नाही. तो पायाखालून येत होता, सरकत होता...

हौसाआत्या मागे येऊन उभी होती. "तुलापन... आयकू येतंय?"

"आत्या, तुझा वाळा... माझ्या हातून..."

"शू. चल घरी. त्यांचं त्यांना करू दे."

त्या रात्री कल्पेशनं शेजाऱ्यांना गोळा केलं. लूमवरच्या चिंध्यांची पोती रचून त्यांनी खिंडार बुजवलं. पुन्हा खारं पाणी आत आलं नाही तर सकाळी यंत्र ऐकेल, असं दिपिकानं सांगितलं होतं. परदेशातून आलेल्या पोरीच्या एका शब्दावर सगळे चिखलात उतरले. रिकाम्या चौकटीत हौसाआत्यानं दिवा ठेवला.

सकाळी पाणी निथरलं होतं आणि चिखलावर साय धरली होती. दिपिकानं आधी यंत्राला जमिनीचा सूर ओळखायला लावला. मग ती खुंटीपाशी गेली. तिथं शांत. तुकड्याच्या टोकाच्या जुन्या, डेरेदार भेंडीच्या झाडाकडे निघाली, तर मध्ये सगळीकडे शांत. झाडाखाली मात्र एक गोल, स्वच्छ सूर उमटला.

तिनं हातांनीच माती बाजूला केली. दोन वाळे होते. एक हिरवा पडलेला, दुसरा हौसाआत्याच्या बोटांनी घासून घासून उजळलेला. साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले. दोन्ही अखंड, कुठंही जोड नाही. आणि खुंटीपासून झाडापर्यंत चिखलावरची साय जराही मोडलेली नव्हती.

"सुटत नाहीत गं," दिपिका पुटपुटली.

"सोडू नको." म्हातारी चिखलातच बसली आणि पहिल्यांदा हसली. "तिला घर सापडलं. आता घरच हिकडं आनायचं, दिवा हितंच लावायचा."

धनेशनं वाकून पाहिलं, डोकीवरची टोपी काढली आणि डंपरवाल्याला मागे फिरायची खूण केली. "मालकाला फोन करतो. आज हिकडं गाडी येनार न्हाय."

दिपिकानं माती परत सारखी केली. यंत्राचं बटण बंद केलं. हेडफोन गळ्यातच राहिले होते. त्यांतून सावकाश वाजलं. टिंग. टिंग. आणि मग पत्र्याच्या कुंपणापलीकडून, गेल्या वर्षीच लेकरांच्या जागेच्या दुसऱ्या तुकड्यावर भराव घालून गोदाम उभं राहिलं होतं तिथून, तिसरं. ते जरा घाईचं होतं.

तिनं कल्पेशकडे वळून सांगितलं, "माझं परतीचं तिकीट रद्द कर. आणि गावात विचार, आणखी कुणाकुणाच्या चौकटीला वाळा आहे."